उतारवयातला बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कानाचं यंत्र लावा, नाहीतर स्मृतिभ्रंश होईल’ असा मजकूर फिरायला लागल्यापासून या विषयावरचे प्रश्न थांबलेलेच नाहीत. काही विचारतात आईवडिलांसाठी, काही स्वतःसाठी, आणि बरेचसे प्रश्न घाबरून विचारलेले असतात. तेच तेच पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डिमेन्शिया आणि स्मृतिभ्रंश हे शब्द इथे एकाच अर्थाने वापरले आहेत. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार.

१. वय झालं की ऐकू कमी येणारच. त्यात एवढं काय विशेष?

कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या कॉक्लिआमध्ये सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीची कंपनं मेंदूला समजतील अशा संदेशांत बदलणं हे त्यांचं काम. वय, गोंगाट, काही औषधं, मधुमेह, धूम्रपान यांमुळे त्या हळूहळू मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाहीत. म्हणून उतारवयातला हा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांत येतो, वर्षानुवर्षं वाढत जातो आणि औषधाने मागे फिरत नाही.

तो सर्वसाधारण आहे हे खरंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीच्या पुढच्या चौघांपैकी एकाहून अधिक जणांना रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतकं कमी ऐकू येतं. पण मोतीबिंदूही सर्वसाधारणच आहे, आणि तो तसाच ठेवावा असं कुणी म्हणत नाही.

२. मला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. हा बहिरेपणा आहे की मेंदूचा काही प्रकार?

बहुतेक वेळा बहिरेपणाच, आणि त्याची ही अगदी नेहमीची सुरुवात. केसपेशी आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट पोहोचतात. ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘थ’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं मात्र वरच्या पट्टीत आणि मुळातच हलक्या आवाजाची. त्यामुळे ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ वाटतं, ‘काच’ आणि ‘काठ’ सारखेच ऐकू येतात. मग ‘पुटपुटू नकोस, नीट बोल’ अशी समोरच्याला ताकीद मिळते. बायकांच्या आणि लहान मुलांच्या आवाजात ही अडचण जास्त जाणवते. समोरचा ओरडू लागला की स्वर आणखी मोठे होतात, शब्द तरीही स्पष्ट होत नाहीत.

चाचणी नॉर्मल असूनही हाच त्रास होत असेल तर प्रश्न ११ पाहा.

३. बहिरेपणाचा आणि डिमेन्शियाचा संबंध आहे हे कधीपासून माहीत आहे?

शंका जुनी आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसदृश स्मृतिभ्रंश असलेले १०० जण आणि नसलेले १०० जण यांची तुलना झाली. आजारी गटात ऐकण्याची तक्रार जास्त निघाली. पण आजार आधी की बहिरेपणा आधी, हे अशा तुलनेतून कळत नाही.

चित्र बदललं २०११ मध्ये. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. फ्रँक लिन आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमधल्या ६३९ जणांची माहिती तपासली. या सगळ्यांची श्रवणचाचणी १९९० ते १९९४ या काळात झाली होती आणि तेव्हा त्यांपैकी कुणालाही डिमेन्शिया नव्हता. पुढची सरासरी बारा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. ५८ जणांना डिमेन्शिया झाला, आणि सुरुवातीला ज्यांना जितकं कमी ऐकू येत होतं तितकं त्यांच्यातलं प्रमाण जास्त होतं. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, शिक्षण यांचा हिशेब वजा केल्यावरही संबंध टिकला. आज या विषयावर जे काही लिहिलं-बोललं जातं त्यातलं बरंचसं याच अभ्यासापासून सुरू होतं.

४. बहिऱ्या माणसाला डिमेन्शियाचा धोका पाचपट असतो, हे खरं आहे का?

हा आकडा कुठून आला ते पाहिलं की त्याची भीती बरीच कमी होते.

तो वर सांगितलेल्या २०११ च्या अभ्यासातलाच आहे. सौम्य बहिरेपणात धोका जवळजवळ दुप्पट (१.८९ पट), मध्यमात तिप्पट, तीव्रात पाचपट (४.९४). ६३९ जणांपैकी ४५५ जणांचं ऐकणं नॉर्मल होतं, १२५ जणांना सौम्य, ५३ जणांना मध्यम आणि तीव्र बहिरेपणा होता फक्त ६ जणांना. म्हणजे जाहिरातींत ठळक अक्षरांत छापला जाणारा ‘पाचपट’ सहा माणसांवर उभा आहे. एखाद्या माणसाने निकाल इकडचा तिकडे होईल इतका तो गट लहान. संशोधकांनी ही संख्या लपवलेली नाही, ती निबंधात स्पष्ट दिली आहे. जाहिरातीत ती गळते.

आता दुसरं टोक पाहा. डेन्मार्कच्या दक्षिण भागातल्या ५,७३,०८८ लोकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहिरेपणा असलेल्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका सरासरी ७ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि दोन कानांपैकी जास्त चांगल्या कानातही तीव्र बहिरेपणा असेल तर २० टक्क्यांनी. कुठे पाचपट आणि कुठे ७ टक्के! लोक वेगळे, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, हे मान्य. निवडक अभ्यास एकत्र करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ-आयोगाने २०२० मध्ये धरलेलं प्रमाण १.९ पट होतं. २०२४ मध्ये नव्या अभ्यासांची भर पडल्यावर ते १.४ पटीवर आलं. सध्या डोक्यात एकच आकडा ठेवायचा असेल तर हा ठेवा.

१.४ पट म्हणजे काय? समजा, एका वयोगटातल्या नीट ऐकू येणाऱ्या १०० जणांपैकी १० जणांना पुढच्या काही वर्षांत डिमेन्शिया होतो. तर तितकंच वय असलेल्या, पण कमी ऐकू येणाऱ्या १०० जणांपैकी साधारण १४ जणांना होईल. उरलेल्या ८६ जणांना होणार नाही, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

५. ‘७ टक्के डिमेन्शिया बहिरेपणामुळे होतो’ असंही वाचलं. हे डेन्मार्कवालेच ७ टक्के का?

नाही, हा निव्वळ योगायोग आहे, आणि यात घोळ होणं साहजिक आहे.

लंडनच्या प्रा. गिल लिव्हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखालच्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांचा हिशेब तीनदा मांडला. २०१७ मध्ये ९ घटक आणि त्यात बहिरेपणाचा वाटा ९ टक्के. २०२० मध्ये १२ घटक, वाटा ८ टक्के. २०२४ मध्ये १४ घटक, वाटा ७ टक्के. सगळे घटक मिळून डिमेन्शियाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतील, असं या शेवटच्या अहवालाचं म्हणणं आहे. त्या यादीत सगळ्यांत मोठा वाटा असलेले दोन घटक म्हणजे बहिरेपणा आणि मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल. दोघांचेही ७ टक्के.

हा वाटा सगळ्या लोकसंख्येचा असतो, तुमचा-माझा नाही. बहिरेपणा फार लोकांना असतो म्हणून त्याचा वाटा मोठा दिसतो. दुर्मीळ पण घातक गोष्टीचा वाटा याहून लहान येऊ शकतो. शिवाय या सगळ्या हिशेबात बहिरेपणा हे डिमेन्शियाचं कारण आहे असं आधीच धरलेलं आहे. तसं ते आहे का, हा पुढचा प्रश्न.

६. कानाचा आणि आठवणीचा संबंध असून असून काय असणार?

चार शक्यता मांडल्या जातात, आणि त्यातली एकच खरी असली पाहिजे असंही नाही.

पहिली, मेंदूवर पडणारा भार. अर्धवट ऐकलेल्या शब्दांची जुळणी करण्यात मेंदूची इतकी शक्ती खर्च होते की ऐकलेलं लक्षात ठेवायला ती उरत नाही. कमी ऐकू येणारी माणसं तासभर गप्पा मारून थकून जातात, हे घरातल्यांनी पाहिलेलं असतं. त्या थकव्याला आळस म्हणू नका, ती खरी मेहनत असते.

दुसरी, मेंदूच्या रचनेतला बदल. कानाकडून येणारे संदेश आटले की ते हाताळणारा भाग आक्रसू लागतो. बाल्टिमोरच्याच गटातल्या लोकांचे वर्षानुवर्षं एमआरआय काढल्यावर बहिरेपणा असलेल्यांमध्ये मेंदूचं आकारमान जास्त वेगाने घटताना दिसलं, विशेषतः उजव्या कानशिलाकडच्या भागात. हा भाग केवळ ऐकण्याचा नाही, त्याचा शेजार स्मरणाशी आहे.

तिसरी, एकटेपणा. ‘काय?’ असं तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मग माणूस मान डोलावून हसतो, पुढे जाणंच टाळतो, फोन घेणं सोडतो. एकटेपणा स्वतःच लॅन्सेटच्या यादीत वेगळा घटक म्हणून आहे.

चौथी शक्यता या तिन्हींवर पाणी टाकणारी आहे. कदाचित कान आणि मेंदू दोन्ही तिसऱ्याच कशामुळे खराब होत असतील. कॉक्लिआच्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात. मधुमेह आणि रक्तदाब जे मेंदूच्या बारीक वाहिन्यांचं करतात तेच त्यांचंही करू शकतात. तसं असेल तर बहिरेपणा हा धुरासारखा, आग दुसरीकडेच. संशोधक या घटकांचा हिशेब वजा करतात, पण मोजलं नाही ते वजाही करता येत नाही.

७. आणि उलटं असेल तर? डिमेन्शिया आधी सुरू होऊन त्यामुळेच ऐकणं बिघडत असेल तर?

ही शंका रास्त आहे. अल्झायमरची प्रक्रिया लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी मेंदूत सुरू होऊ शकते. साध्या ‘बीप’ ऐकण्याच्या चाचणीवर याचा फार परिणाम होत नाही, कारण ती मुख्यतः कानाची परीक्षा आहे. पण गोंगाटात बोलणं समजणं हे निम्मं काम मेंदूचं असतं, तिथे उलटा प्रवास अगदी शक्य आहे. म्हणूनच सगळ्यांना वाट पाहायची होती ती चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीची.

८. मग यंत्र लावल्याने डिमेन्शिया टळतो की नाही?

टळतो असं सिद्ध झालेलं नाही. काही लोकांत बुद्धीची घसरण मंदावते असा एक चांगला पुरावा आहे.

तो पुरावा ‘अचीव्ह’ या चाचणीतून आला. अमेरिकेतल्या चार ठिकाणचे, ७० ते ८४ वयाचे, उपचार न घेतलेला बहिरेपणा असलेले ९७७ जण. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ऑडिओलॉजिस्टचं (श्रवणतज्ज्ञाचं) मार्गदर्शन, निम्म्यांना आरोग्यशिक्षणाच्या भेटी. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, निकाल आला. दोन्ही गटांची बौद्धिक घसरण जवळपास तंतोतंत सारखी होती. यंत्र गटात उणे ०.२००, दुसऱ्या गटात उणे ०.२०२. इथेच थांबलं तर उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे.

पण या ९७७ जणांत दोन प्रकारचे लोक होते. २३८ जण हृदयविकाराच्या एका जुन्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातून आलेले होते. ते वयाने मोठे, त्यांना मधुमेह-रक्तदाबासारखे धोक्याचे घटक जास्त. उरलेले ७३९ जण नव्याने, स्वतःहून पुढे आलेले, एकंदर जास्त तब्येतवान. पहिल्या गटात यंत्रामुळे घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या गटात फायदा दिसला नाही, कारण, बहुधा, तीन वर्षांत त्यांची घसरण मुळात फारशी झालीच नव्हती. ज्याची घसरण होत नाही त्याची ती थांबवणार काय?

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, इथे मोजलं गेलं ते स्मरण, भाषा, एकाग्रता यांच्या चाचण्यांतले गुण. किती जणांना डिमेन्शिया झाला, याचा हा निकाल नाही. दोन, ४८ टक्के हा एका उपगटाचा निकाल आहे. तो उपगट संशोधकांनी आधीच ठरवलेला होता, नंतर शोधून काढलेला नव्हता, म्हणून त्याला वजन आहे. तरीही मुख्य निकाल झाकून फक्त ४८ टक्के सांगणं ही लबाडी आहे.

तीन वर्षांनंतर दुसऱ्या गटालाही यंत्रं देण्यात आली आणि सगळ्यांचा पाठपुरावा पुढे चालू ठेवला गेला.

९. पण यंत्र वापरणाऱ्यांना डिमेन्शिया कमी होतो असे बरेच अभ्यास आहेत ना?

आहेत. फ्रान्समध्ये ६५ वर्षांवरच्या ३,६७० जणांना २५ वर्षं पाहिलं गेलं. कमी ऐकू येत असूनही यंत्र न वापरणाऱ्यांची बुद्धी जास्त वेगाने घसरली, वापरणाऱ्यांची नॉर्मल ऐकू येणाऱ्यांइतकीच. डेन्मार्कच्या त्या मोठ्या अभ्यासातही नीट ऐकू येणाऱ्यांच्या तुलनेत यंत्र न वापरणाऱ्यांचा धोका २० टक्के जास्त होता, वापरणाऱ्यांचा ६ टक्के.

अडचण अशी की यंत्र कोण घेतं? ज्याच्याकडे पैसा आहे, शिक्षण आहे, डॉक्टरकडे नेणारं कुणी आहे, आणि ज्याची बुद्धी ते रोज घालून-काढून सांभाळण्याइतकी शाबूत आहे. हे सगळं असलेल्या माणसाला डिमेन्शिया तसाही कमीच होतो. अशा अभ्यासांत यंत्राचं श्रेय किती आणि माणसाचं किती, हे वेगळं काढणं फार कठीण.

१०. यंत्र लावलं की जास्तीचा धोका पूर्ण जातो, असं एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात सिद्ध झालं होतं ना?

तो अभ्यास मागे घेतला गेला आहे. एप्रिल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये, यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्यमाहितीच्या मोठ्या साठ्यातल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर तो छापून आला आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. नंतर दुसऱ्या संशोधकांना ते आकडे जुळवता येईनात. शोध घेतला तेव्हा कळलं की संगणकावर माहिती भरताना यंत्र वापरणारे आणि न वापरणारे यांच्या खुणांची अदलाबदल झाली होती. लेखकांनी चूक मान्य केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निबंध मागे घेतला. बातम्या मात्र कुणी मागे घेतल्या नाहीत, त्या अजून फिरताहेत. ‘४२ टक्के जास्त धोका, यंत्राने शून्य’ असं कुठे दिसलं तर ते इथलं आहे, हे ओळखा.

११. वडिलांचा ऑडिओग्राम नॉर्मल आला, पण चारचौघांत त्यांना काहीच कळत नाही. मग चाचणी चुकली का?

चुकली नसावी, पण ती अपुरी आहे. नेहमीच्या ऑडिओमेट्रीत शांत खोलीत एकेका पट्टीचे बारीक बीप ऐकवतात. रोजचं आयुष्य शांत खोलीत जात नाही. गोंगाटात बोललेलं किती कळतं याची वेगळी चाचणी असते. गोंगाटाच्या पार्श्वभूमीवर आकडे ऐकवून ते ओळखायला सांगतात. ती मागून घ्या.

डिमेन्शियाच्या दृष्टीनेही ही चाचणी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. यूके बायोबँकेतल्याच, साठीपुढच्या ८२,०३९ जणांना अशी चाचणी देऊन सुमारे ११ वर्षं पाहिलं (हा अभ्यास वेगळा आहे, मागे घेतलेला नव्हे). चाचणीत कमी पडलेल्यांना डिमेन्शियाचा धोका ६१ टक्क्यांनी जास्त निघाला, फारच कमी पडलेल्यांना ९१ टक्क्यांनी. यात कान किती आणि मेंदू किती, हा प्रश्न ७ मध्ये आलेला पेच इथे सगळ्यात जास्त लागू होतो.

१२. किती ऐकू कमी आलं की यंत्र घ्यावं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीप्रमाणे चांगल्या कानाला ऐकू येणाऱ्या सगळ्यांत बारीक आवाजाची सरासरी २० डेसिबलच्या आत असेल तर नॉर्मल, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, त्यापुढे आणखी तीव्र. पण यंत्र डेसिबलवर ठरत नाही. ते ठरतं त्रासावर. २८ डेसिबलवर एखाद्या शिक्षकाचं अडतं, ४० वर एखाद्याचं काही बिघडत नाही. डिमेन्शिया टाळण्यासाठी अमुक डेसिबलला यंत्र घ्या, असं सांगणारं संशोधन नाही.

त्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्या. कधी कधी आत फक्त मळाचा खडा असतो.

१३. आई विसरते आहे की तिला ऐकूच येत नाही, हे कसं ओळखायचं?

घरच्या घरी एक साधी गोष्ट करून पाहता येते. टीव्ही-पंखा बंद करा, उजेडात समोर बसा, चेहरा दिसू द्या, आणि न ओरडता सावकाश एखादी गोष्ट सांगा. तिला ती परत सांगायला लावा, म्हणजे ऐकलं हे पक्कं. मग अर्ध्या तासाने विचारा. समोरासमोर ऐकलेलं नीट आठवत असेल तर अडचण बहुधा कानाची. नीट ऐकून, उत्तर देऊन, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळत असेल, पैशांच्या हिशेबात चुकत असेल, तर कान कितीही खराब असले तरी स्मरणाची तपासणी हवीच. दोन्ही एकत्र असणंही अगदी शक्य आहे.

दवाखान्यातही गफलत होते. स्मरणाच्या बऱ्याच चाचण्या तोंडी घेतात: पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात. जे शब्द कानापर्यंत पोहोचलेच नाहीत ते आठवणार कुठून? गुण कमी येतात आणि कागदावर भलतंच निदान पडू शकतं. चाचणीआधी ‘तिला कमी ऐकू येतं’ हे आवर्जून सांगा, यंत्र असेल तर ते घालूनच न्या. प्रश्न लेखी दाखवून घेण्याच्या खास आवृत्त्याही निघाल्या आहेत.

१४. यंत्र घेतलं, पण ते कपाटातच पडून असतं. उपयोग?

शून्य. आणि दोष नेहमी वापरणाऱ्याचा नसतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात यंत्राची गरज निर्माण झाल्यापासून ते घेईपर्यंत सरासरी ८.९ वर्षं गेलेली दिसली. इतकी वर्षं शांततेची सवय झालेल्या मेंदूवर एकदम भांड्यांचे, पावलांचे, कागदाचे आवाज कोसळतात. पहिल्या दिवशी ते असह्य वाटतं. आठवडाभरात फेकून द्यावंसं वाटतं. थोडे तास, शांत घरात, एका माणसाशी बोलताना, असं सुरू करून काही आठवड्यांत दिवसभरावर नेलं तर मेंदू जुळवून घेतो.

अचीव्ह चाचणीत लोकांच्या हातात नुसतं यंत्र दिलं नव्हतं. सुरुवातीला ऑडिओलॉजिस्टबरोबर चार भेटी, पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा. यंत्र विकून मोकळं होणाऱ्याकडून आणलेल्या यंत्राला त्या चाचणीचे निकाल लावू नयेत. आवाज टोचतो, शिट्टी वाजते, कानात दुखतं, या तक्रारी घेऊन पुन्हा जा. त्या दुरुस्त होतात.

१५. वडिलांना आधीच डिमेन्शिया झाला आहे. आता यंत्राचा काही फायदा?

आजार मागे जाईल या आशेने घेऊ नका. पण माणसाला समोरच्याचं बोलणं कळणं, ही गोष्ट त्यांच्यासाठी कमी नाही. न ऐकू आल्याने होणारी चिडचिड, संशय, गोंधळ यांतलं काही कमी होऊ शकतं. घालणं-काढणं, चार्जिंग हे काळजी घेणाऱ्याला करावं लागेल, म्हणून साधं, कमी बटणांचं यंत्र पाहा. आजाराच्या सुरुवातीला सवय लागली तर ती टिकते, फार पुढच्या टप्प्यावर लावणं कठीण जातं. यंत्र अजिबात सहन होत नसेल तर हट्ट सोडा. समोर बसून बोलणं, खोली शांत ठेवणं हेही उपचारच.

१६. यंत्राचाही उपयोग होत नाही. ऐंशीव्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट करावं का?

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं, श्रवणाच्या मज्जातंतूला थेट संदेश देणारं उपकरण. केवळ वयामुळे त्याला नकार मिळू नये. फ्रान्समधल्या एका अभ्यासात ६५ ते ८५ वयाच्या ९४ जणांवर ही शस्त्रक्रिया झाली. आधी स्मरणाच्या चाचण्यांत कमी पडलेल्या ३७ जणांपैकी ३० जणांचे गुण वर्षभरात सुधारले. मात्र तुलनेसाठी शस्त्रक्रिया न झालेला गट नव्हता, आणि नीट ऐकू आल्यानेही गुण वाढू शकतात (प्रश्न १३). निर्णय भूल सोसण्याची तब्येत आणि नंतरच्या सरावाची तयारी पाहून घ्यायचा.

१७. मला एकाच कानाने कमी ऐकू येतं. मलाही धोका आहे का?

डिमेन्शियाचे बहुतेक अभ्यास चांगल्या कानावरून मोजतात, त्यामुळे त्यांचे आकडे तुम्हाला सरळ लागू होत नाहीत. पण एकाच कानाचा बहिरेपणा वेगळ्या कारणासाठी तपासायला हवा. श्रवणाच्या मज्जातंतूवर क्वचित साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठ असते, ती एमआरआयमध्ये दिसते.

आणि एका कानाचं ऐकणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेलं असेल तर ही तातडीची गोष्ट आहे. सर्दी असेल, उतरेल, असं म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका उपयोगी, दोन आठवडे उलटल्यावर त्याची आशा बरीच कमी होते.

१८. कानात सतत गुणगुण होते. हे डिमेन्शियाचं लक्षण आहे का?

नाही. कान वाजण्यामागे बहुतेक वेळा बहिरेपणाच असतो, म्हणून श्रवणचाचणी करून घ्या. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा एकाच कानात असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

१९. मी पंचेचाळीसचा आहे. आत्तापासून काय करू?

लॅन्सेट आयोगाने बहिरेपणा मध्यमवयातल्या घटकांत धरला आहे, म्हणजे प्रश्न योग्य वयात पडलाय. गेलेल्या केसपेशी परत येत नाहीत, उरलेल्या जपता येतात. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा. आवाज ९० वर गेला की तीच मर्यादा ४ तासांवर येते. हेडफोनवर दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर ध्वनी बहुधा जास्त आहे. कारखान्यात, यंत्रांजवळ काम असेल तर इअरप्लग. जेन्टामायसिन (प्रतिजैविक), सिस्प्लॅटिन (कर्करोगावरचं) यांसारखी औषधं कानाला इजा करू शकतात, ती चालू असताना ऐकण्यात फरक पडला तर लगेच सांगा, पण मनाने बंद करू नका. रक्तदाब, साखर, सिगारेट यांचं काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

२०. यंत्र नको म्हणणाऱ्या आईला डिमेन्शियाची भीती घातली तर चालेल का?

माझं मत: घालू नये. एक तर पुरावा तेवढा पक्का नाही (प्रश्न ८). दुसरं, नव्या आवाजांनी वैतागून तिने यंत्र काढून ठेवलं, की तिच्या मनात यंत्राबरोबर ती भीतीही कायमची चिकटते. कमी ऐकू येण्याची लाज वाटणाऱ्या माणसाला ‘वेड लागेल’ म्हणून सांगणं हा तिच्यावर दुसरा घाव. यंत्र घ्यायला डिमेन्शियाची गरजच काय? नातवाचा फोन कळणं हे कारण पुरेसं आहे. अचीव्ह चाचणीतच पुढे असंही दिसलं की यंत्र गटातल्या लोकांच्या पडण्याच्या घटना २७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि त्यांची माणसांची ये-जा जास्त टिकली. हे तिला सांगा.

२१. माझा भाऊ जन्मापासून बहिरा आहे, आयुष्यभर सांकेतिक भाषा वापरतो. त्याला धोका जास्त का?

वरचं सगळं संशोधन ऐकू येत असलेल्या आणि पुढे वयाबरोबर ते गमावलेल्या माणसांवर झालं आहे. त्याचे आकडे तुमच्या भावाला लावता येत नाहीत. प्रश्न ६ मधली कारणंही तिथे लागू पडत नाहीत. त्याच्या मेंदूला लहानपणापासून भरपूर भाषा मिळाली आहे, फक्त ती डोळ्यांनी. अर्धवट शब्द जुळवण्याची ओढाताण नाही, आणि त्याच भाषेत बोलणारी माणसं भोवती असतील तर एकटेपणाही नाही. त्याच्या बाबतीत खरी काळजी वेगळी आहे. म्हातारपणी स्मरणाची तपासणी करायची वेळ आली तर ती त्याच्या सांकेतिक भाषेत, ती जाणणाऱ्याकडूनच व्हायला हवी. बोललेल्या भाषेतली चाचणी दुभाष्यामार्फत जशीच्या तशी उलटून घेतली तर तिच्या गुणांवर विसंबता येत नाही. आणि त्याच्या नजरेची तपासणी वेळेवर करत राहा. मोतीबिंदू झाला तर इतरांचं फक्त दिसणं कमी होतं, त्याचं बोलणंही.